हें नाटकांतच शोभतें !

आमचे एक जुने स्नेही आहेत. आमच्याप्रमाणेंच सारें आयुष्य शाळेंत फळा पुसण्यांत घालवून ते निवृत्त झाले. सायंकाळीं फिरावयास निघालों कीं पर्वतीच्या पायथ्याशीं त्यांची नि आमची गांठ ठरलेली. मागील महिन्यांत त्यांनीं आम्हांस वाटेंतच अडविलें आणि एक प्रश्न केला. "तुम्ही नेहमीं म्हणतां, कीं कथा-कादंबऱ्या, नाटकें, सिनेमे हे समाजाचे आरसे आहेत. मग टीव्हीवरील या मालिकांत जो समाज दिसतो तो आपण कधीं कां पाहिला नाहीं? मध्यरात्रीं भरजरी शालू नेसून ओट्याशीं उभी राहणारी सून मीं पाहिली नाहीं. एका छपराखालीं चौदा माणसें नांदतात आणि त्यांपैकीं एकालाही विजेचें बिल भरावें लागत नाहीं, असें घरही पाहिलें नाहीं. आणि सर्वांत मौज ही, कीं त्या घरांत सायंकाळीं सात वाजतां कोणी मालिका पाहत बसलेलें नसतें !"

त्या दिवशीं आम्हीं हंसून वेळ मारून नेली. परंतु मास्तरकी सुटली तरी प्रश्नाचें उत्तर देणें लागतों ही भावना सुटत नाहीं. म्हणून या महिन्याचें हें टिपण त्या उत्तरासाठीं खर्चीं घालीत आहों. वाचकांनीं तें आपल्याही स्नेह्यास दिलेलें उत्तर समजावें.

नाट्य म्हणजे लोकवृत्ताचें अनुकरण, असें भरतमुनि म्हणून गेले. मम्मटानें त्यांत आणखी एक मर्म सांगितलें. वेद हे स्वामीप्रमाणें आज्ञा करतात, पुराणें मित्राप्रमाणें हिताचें सांगतात, आणि काव्य हें प्रिय पत्नीप्रमाणें गोडीगुलाबीनें आपलें म्हणणें गळीं उतरवितें. ही दोन वचनें शेजारीं ठेवून पाहिलीं म्हणजे आमच्या स्नेह्यांचें कोडें अर्धें सुटतें. लोकप्रिय कथेंत लोकांचें वागणें असतें, हें खरें. पण तेवढेंच नसतें. घरांतल्या कोणाला तरी कांहीं मागावयाचें असतें, आणि उघड मागण्याची सोय नसते. तें मागणेंही त्या कथेंतच असतें.

ज्या ठिकाणीं आपण हात झटकून म्हणतों, "छे, हें नाटकांतच शोभतें," तेंच ठिकाण नीट पाहावें, असें आमचें सांगणें आहे. समाज कसा वागतो हें कथेच्या बाकीच्या भागांत दिसतें. तो कोठें अडला आहे, हें मात्र त्या एका जागीं दिसतें.

उदाहरणादाखल एकच विषय घेऊं. आणि तोही परका नको, आपल्याच ओसरीवरचा घेऊं : मुलीचें लग्न.

१८९९ सालीं गोविंद बल्लाळ देवलांचें 'शारदा' रंगभूमीवर आलें. पैशाच्या लोभानें बाप आपली कोंवळी मुलगी एका जख्ख म्हाताऱ्यास देण्यास निघतो, हा त्याचा विषय. तो लोकवृत्ताचा भाग. असे भुजंगनाथ त्या काळीं गांवोगांव होते आणि प्रेक्षकांतही कांहीं बसलेले असतील. आतां शारदेची सुटका कशी होते तें पाहा. तिच्या नकारानें होत नाहीं. तिला नकार देतां येतो ही कल्पनाच त्या जगांत नाहीं. वधूवर सगोत्र निघतात आणि त्या कारणानें लग्न मोडतें. मोडल्यावर शारदा जीव द्यावयास निघते, आणि शेवटीं शंकराचार्यांच्या अनुज्ञेनें तिचा कोदंडाशीं विवाह होतो. म्हणजे मुलीच्या अश्रूंनीं जें झालें नाहीं तें गोत्रानें केलें, आणि पुढचें धर्मपीठानें. देवलांना याहून धीट शेवट सुचला नसेल असें नव्हे. प्रेक्षकांच्या मनांतली भिंत जेथें होती तेथवरच नाटक जाऊं शकत होतें. गंमत अशी, कीं १९४६ च्या कायद्यानें सगोत्र विवाहास मान्यता मिळाली. आज 'शारदा' नव्यानें लिहावयाचें म्हटलें तर देवलांस दुसरी वाट शोधावी लागेल !

येथें एक गैरसमजही दूर करूं. मुलीच्या लग्नाचें वय चौदा ठरविणाऱ्या १९२९ च्या कायद्यास आपल्याकडे 'शारदा कायदा' म्हणत, आणि तो नाटकावरून पडला अशी पुष्कळांची समजूत असे. वस्तुतः तें नांव अजमेरचे हरबिलास सारडा यांचें. परंतु लोकांनीं अजमेरच्या सारडांस सोडून नाटकांतल्या मुलीचें नांव कायद्यास दिलें, यांतच त्या नाटकानें घराघरांत काय केलें होतें तें दिसतें.

तो कायदा १ एप्रिल १९३० पासून अमलांत यावयाचा होता. मधल्या सहा महिन्यांत देशभर लग्नांची एकच घाई उडाली. कायदा लागू होण्यापूर्वीं मुलीचे हात पिवळे करून मोकळें व्हावें म्हणून. आमच्या आजीचें लग्न त्याच घाईंतलें. त्या वर्षींच्या फाल्गुनांत बोहल्यावर चढली तेव्हां ती अकरा वर्षांची होती, आणि आमचे आजोबा बेचाळीस वर्षांचे, दुसरेपणाचे. कुळ चांगलें, घरीं शेतीवाडी, माणूस शांत. घरांत या लग्नाविषयीं कधीं कोणी वाईट बोललेलें आम्हीं ऐकलें नाहीं. चांगलेंही ऐकलें नाहीं.

त्यानंतर सात वर्षांनीं, १९३७ सालीं, प्रभात कंपनीचा 'कुंकू' आला. नारायण हरि आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून तो व्ही. शांताराम यांनीं काढला होता. विषय तोच, परंतु अडतीस वर्षांत मुलगी पुष्कळ बदलली होती. शांता आपट्यांची नीरा फसवणुकीनें म्हाताऱ्या काकासाहेबांच्या गळ्यांत पडते, पण त्यास नवरा मानण्यास ती साफ नकार देते. ती शिकलेली आहे; ग्रामोफोन लावते, आणि चक्क लाँगफेलोची इंग्रजी कविता म्हणते. सावत्र मुलगी चित्रा तिच्या बाजूनें उभी राहते. ही भूमिका शकुंतला परांजपे यांनीं केली. रँग्लर परांजप्यांच्या या कन्येनें पुढें कुटुंबनियोजनाच्या कामांत आयुष्य वेंचलें. शारदा रडत होती, नीरा भांडते. समाज तेवढा पुढें आला होता.

पण शेवट पाहा. केशवराव दात्यांचे काकासाहेब हळूहळू पालटतात, आपण एका मुलीच्या जन्माचें नुकसान केलें हें त्यांस उमगतें, आणि ते स्वतःच्या हातानें नीरेचें कुंकू पुसून आत्महत्या करतात. असें कां? याचें उत्तर कायद्याच्या पुस्तकांत सांपडतें. विधवेस पुनर्विवाह करण्याची मोकळीक १८५६ पासून होती. पण नवरा हयात असतांना त्याच्यापासून सुटण्याचा मार्ग हिंदु स्त्रीस मुंबई इलाख्यांत १९४७ पर्यंत नव्हता, आणि अखिल देशांत १९५५ पर्यंत नव्हता. म्हणजे १९३७ सालीं नीरेस मोकळें करावयाचें तर कथाकारास नवऱ्याचा जीव घेण्यावांचून गत्यंतर नव्हतें. विधवा होणें हाच तेव्हां बायकोचा घटस्फोट होता ! ज्या प्रसंगावर लोकांनीं डोळे पुसले, त्या प्रसंगाखालीं ही भिंत उभी होती.

आमच्या आजीनें 'कुंकू' त्या काळीं पाहिला नाहीं. १९४९ सालीं आजोबा वारले. तिसाव्या वर्षीं तिचें कपाळ पांढरें झालें, आणि सिनेमाचा प्रश्नच उरला नाहीं. १९८० च्या सुमारास आमच्या शनिवारांतल्या वाड्यांत एका बिऱ्हाडानें टीव्ही घेतला होता. आठवड्याच्या मराठी चित्रपटास सारा वाडा त्यांच्या खोलींत लोटे. एके दिवशीं 'कुंकू' लागला. आजी उंबऱ्यापाशीं पाटावर बसली होती, आम्ही तिच्या शेजारीं. त्या चित्रपटास पार्श्वसंगीत नाहीं. भांड्यांचे, पावलांचे, दारांचे आवाज तेवढे ऐकूं येतात. काकासाहेबांचें भिंतीवरचें जुनें घड्याळ टिकटिकूं लागलें तशी ती हळूच म्हणाली, "आपलें घड्याळ अस्संच होतं हो." मग शेवटपर्यंत एक शब्द बोलली नाहीं. चित्रपट संपला, बायका डोळे पुसूं लागल्या. कोणी तरी म्हणालें, "आजी, बिचाऱ्याला शेवटीं तरी कळलं, नाहीं का?" आजी गुडघ्यांवर हात टेंकून उठली आणि म्हणाली, "कळलं ना, तेवढाच सिनेमा. बाकी सगळं खरंच आहे."

आम्ही तेव्हां विशींत होतों. आजीचें हें बोलणें आम्हांस विनोद वाटला, आणि पुढें कित्येक वर्षें आम्हीं तो चारचौघांत विनोद म्हणूनच सांगितला.

आतां अगदीं अलीकडे येऊं. २०१६ सालीं नागराज मंजुळे यांचा 'सैराट' आला आणि त्यापूर्वीं कोणत्याही मराठी चित्रपटास मिळाला नव्हता इतका पैसा त्यानें मिळविला. करमाळ्याच्या बाजूचें गांव. पाटलाघरची मुलगी, मच्छीमाराचा मुलगा. मुलगी ट्रॅक्टर चालविते, बुलेट चालविते, मुलास स्वतः निवडते. आमच्या पुतण्यानें आम्हांस बळेंच नेलें होतें. मध्यंतरापर्यंत पोरें खुर्च्यांवर उभीं राहून नाचत होतीं आणि आम्ही सवयीप्रमाणें पुटपुटलों, "हें सिनेमांतच होतें." शेवटीं तीं दोघें हैदराबादेस संसार थाटून बसलेलीं असतांना मुलीच्या माहेरचीं माणसें भेटी घेऊन येतात आणि दोघांचे खून करून जातात. तान्हें मूल रक्तांत पाउलें उमटवीत बाहेर येतें. संगीत नाहीं, आवाज नाहीं. 'कुंकू'ची ती शांतता एकुणऐंशी वर्षांनीं आम्हांस पुन्हां भेटली. मघां नाचणारीं पोरें खालीं मान घालून बाहेर पडलीं.

येथें लक्षांत घ्यावयाचें तें हें : आतां कायद्याची भिंत नव्हती. जातीबाहेरचें लग्न नोंदविण्याची सोय १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानें केव्हांच केलेली आहे. तरीही कथेस सुखाचा शेवट देतां आला नाहीं, म्हणजे भिंत कागदावरून निघून माणसाच्या काळजांत जाऊन बसली आहे. आणि ती फक्त पाटलाच्या काळजांत आहे असें समजून आपण समाधान मानूं नये. आपल्या घरांत कोणी कोयता काढीत नाहीं. आपण फक्त फोन उचलीत नाहीं. मंगळागौरीचें बोलावणें पाठवीत नाहीं. आणि लग्नाच्या आल्बमांतून एक पान हळूच काढून टाकतों.

हें सर्व आम्हांस कळत होतें असें वाचकांस वाटेल. कळत नव्हतें. तें कसें कळलें तें सांगितल्यावांचून हें उत्तर प्रामाणिक होणार नाहीं.

२०१८ सालीं आमची धाकटी कन्या सासरहून निघून आली. कारणें येथें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. तीं पुरेशीं होतीं एवढें आतां आम्ही जाणतों. त्या वेळीं दोनदां समजूत घालून आम्हीं तिला परत धाडलें. तिसऱ्यांदा ती आली तेव्हां समजूत घालण्यासारखें तिच्या चेहऱ्यावर कांहीं उरलें नव्हतें, म्हणून आम्ही गप्प बसलों. शेजारीं मात्र "कंपनीचें काम पुण्यास निघालें आहे" असें सांगत राहिलों. असे आठ महिने गेले.

त्या दिवसांत 'माझ्या नवऱ्याची बायको' ही मालिका चालू होती. २०१६ पासून २०२१ पर्यंत ती चालली, म्हणजे ती किती ताणली असेल याची कल्पना यावी. नवरा दुसरीच्या नादीं लागलेला. बायको, राधिका, नागपूरकडची, साधी. ती मसाल्यांचा धंदा उभा करते, आणि पुढें तर दुसरें लग्नही करते. घराघरांतल्या सुवासिनींनीं जेवणाच्या वेळीं तें लग्न आनंदानें पाहिलें ! आमच्या सौ. ती मालिका नेमानें पाहत, आणि वर्तमानपत्राआडून तिची चेष्टा करणें हा आमचा नेम होता. एके सायंकाळीं राधिकेचे सासूसासरे स्वतःच्या मुलास सोडून तिच्या बाजूनें उभे राहिले. आम्ही म्हणालों, "हें मालिकेंतच होतें. पोटच्या पोराला सोडून सुनेची बाजू घेणारा बाप आम्हीं तरी कोठें पाहिला नाहीं."

कन्या आईशेजारीं बसून शेंगा सोलीत होती. तिनें मान वर केली नाहीं. "बाबा," ती म्हणाली, "पोटच्या पोरीची बाजू घेणारा तरी कुठं पाहिलात?"

सौ.नीं आवाज बारीक केला. बराच वेळ शेंगांचा आवाज तेवढा होत राहिला. आणि आम्हांस, अडतीस-एकुणचाळीस वर्षांनीं, उंबऱ्यापाशीं गुडघ्यांवर हात टेंकून उठणारी आजी दिसली. "कळलं ना, तेवढाच सिनेमा." तो विनोद नव्हता. तें गाऱ्हाणें होतें, आणि तें आम्हीं आयुष्यभर हंसण्यावारीं नेलें होतें.

दुसऱ्या दिवशीं आम्ही स्वतः वकिलाकडे गेलों. परस्परसंमतीनें घटस्फोट घेण्याची सोय १९७६ च्या दुरुस्तीनें झाली आहे, असें त्यांनीं सांगितलें. म्हणजे कायदा बेचाळीस वर्षें आमच्या दारांत येऊन उभा होता, आणि आंतून कडी आम्हीं घातलेली होती. शेजाऱ्यांस खरें काय तें सांगितलें. आम्हांस वाटलें होतें, आकाश कोसळेल. शेजारच्या बाई एवढेंच म्हणाल्या, "बरं झालं. आमच्या लक्षांत आलं होतं." कन्या आज आपल्या नोकरीवर, आपल्या घरांत आहे, दर रविवारीं येते. दुसऱ्या लग्नाचा विषय ती काढीत नाहीं, आम्हीही काढीत नाहीं. जीवनास मालिकेसारखा शेवटचा भाग लागत नाहीं.

आतां आमच्या स्नेह्यांच्या प्रश्नाकडे वळूं. मालिकांत खोटें पुष्कळ असतें हें आम्हांस मान्य आहे. साबण-तेलाच्या जाहिरातींवर पोसलेली ती वस्तु आहे. रडणें जितकें लांबेल तितक्या जाहिराती वाढतात. शालू खोटा, वाडा खोटा, विजेच्या बिलाची चिंता नसणें तर सर्वांत खोटें. पण तें खोटें कोणासाठीं रचलें आहे, हें विचारावें. ज्या सुनेला आपल्या कष्टांकडे कोणी पाहत नाहीं असें वाटतें, तिच्यासाठीं तो शालू आहे : निदान पडद्यावर तरी ओट्याशीं उभ्या असलेल्या बाईकडे सर्वांची दृष्टि आहे. आणि एका छपराखालीं नांदणारीं तीं चौदा माणसें कोणासाठीं? ज्यांचा एक मुलगा बंगळूरास आणि दुसरा न्यू जर्सीस आहे, आणि जे सायंकाळीं सात वाजतां दोन खुर्च्या ओढून पडद्यापुढें बसतात, त्यांच्यासाठीं. आमचे स्नेही विचारतात, असें भरलेलें घर आहे कोठें? कोठेंही नाहीं, म्हणून तर तें पाहावयास आपण बसतों.

तेव्हां आरसा हा शब्द आम्ही मागें घेत नाहीं. फक्त त्यांत कोठें पाहावें तेवढें सांगतों. शारदेच्या काळीं लोक म्हणाले असतील, मुलीच्या मनाचा विचार करणारे आचार्य नाटकांतच. 'कुंकू'च्या काळीं म्हणाले, चूक कळलेला नवरा सिनेमांतच. आम्ही म्हणालों, लेकीबाळींची बाजू घेणारा बाप मालिकेंतच. तिन्ही वेळां जें अशक्य म्हणून हंसण्यावारीं नेलें तें एकच होतें : घरांतल्या वडील माणसास वेळेवर कळणें. त्यास ना कायदा आड येत होता, ना शास्त्र.

वाचकांस आमची विनंती एवढीच, कीं आज सायंकाळीं आपल्या घरांत कांहींही चालू असो, नाटक, सिनेमा कीं मालिका, आपल्या तोंडून "हें इथेंच होतें बुवा" असें निघालें, कीं क्षणभर थांबावें, आणि शेजारीं शेंगा सोलीत कोण बसलें आहे तें पाहावें.

स्नेह्यांस हें उत्तर आम्हीं काल पर्वतीच्या पायथ्याशीं वाचून दाखविलें. ते कांहीं बोलले नाहींत. थोडे पुढें गेल्यावर म्हणाले, "चला, आज लवकर परततों. थोरलीला फोन करावयाचा आहे." थोरलीनें सहा वर्षांपूर्वीं जातीबाहेर लग्न केलें, हें आम्हांस ठाऊक होतें. त्यांनीं तिचें नांव आमच्यापाशीं काढलेलें मात्र आम्हीं प्रथमच ऐकलें.